ईडन प्रेरी ते मुंबई : अंतर किलोमीटरचे, हिशेब तासांचा

मिनेसोटातील ईडन प्रेरी हे हेनेपिन काउंटीतील गाव २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ६४ हजार वस्तीचे. ऑप्टमसारख्या आरोग्यसेवा कंपनीचे आणि सी. एच. रॉबिन्सनसारख्या मालवाहतूक कंपनीचे मुख्यालय येथे असल्याने भारतीय अभियंते, विश्लेषक आणि व्यवस्थापक या परिसरात मोठ्या संख्येने स्थिरावले. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरकडील कुटुंबेही आहेत. गावाला स्वतःचा 'फ्लाइंग क्लाउड' नावाचा विमानतळ आहे, परंतु तो खाजगी आणि प्रशिक्षणाच्या विमानांसाठी. मायदेशी जायचे तर वीस-पंचवीस मिनिटांवरील मिनीॲपोलिस–सेंट पॉल विमानतळच गाठावा लागतो, आणि तेथून मुंबईला थेट विमान नाही.

एरवी ही गैरसोय सुट्टीच्या नियोजनात विरघळून जाते. पण आईवडील सत्तरी-ऐंशीच्या घरात पोचले, की 'किती तासांत पोचता येईल?' हा प्रश्न निराळ्याच गांभीर्याने उभा राहतो. त्याचे उत्तर नकाशावरील अंतरात सापडत नाही. ते वारे, राजकारण, विमानांची वेळापत्रके आणि घरातील कपाटात ठेवलेले कागद यांच्यात विखुरलेले असते.

सरळ रेषा उत्तरेकडून जाते

भिंतीवरच्या सपाट नकाशात मिनेसोटाहून मुंबईकडे रेघ ओढली, तर ती अटलांटिक, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानावरून जाते. पृथ्वी गोल असल्याने ही रेघ फसवी आहे. गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे त्या दोन्ही बिंदूंतून जाणाऱ्या आणि पृथ्वीचा मध्य हाच ज्याचा मध्य आहे अशा वर्तुळाचा लहान कंस. त्याला बृहद्वृत्त म्हणतात. घरातील पृथ्वीगोलावर मिनीॲपोलिस आणि मुंबई यांच्यामध्ये दोरा ताणून धरला की हा मार्ग आपोआप दिसतो.

तो दोरा पूर्वेकडे जात नाही, जवळजवळ उत्तरेकडे निघतो. हडसनचा उपसागर, बॅफिन बेट आणि ग्रीनलंडचा उत्तर भाग ओलांडून तो सुमारे ८० अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. तेथून स्वालबार्ड द्वीपसमूहावरून खाली उतरत रशियात शिरतो, उरल पर्वताच्या आसपासून कझाकस्तानात येतो आणि मध्य आशिया, अफगाणिस्तान, पाकिस्तान व गुजरात असे करत मुंबईला पोचतो. या मार्गाची लांबी सुमारे १२,७५० किलोमीटर, म्हणजे ७,९०० मैलांहून थोडी अधिक भरते. पृथ्वीच्या परिघाचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा होय.

प्रवासी विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने हे अंतर सव्वाचौदा तासांचे. धावपट्टीपर्यंतचे सरकणे, चढणे-उतरणे धरले तर पंधरा तास. आजच्या विमानांना ते अवघड नाही. सिंगापूर–न्यूयॉर्क हे १५,००० किलोमीटरांहून लांबचे उड्डाण नियमित चालते. मग मिनीॲपोलिस–मुंबई का नाही? याची कारणे दोन : एक आकाशातले, दुसरे बाजारातले.

बंद झालेली दारे

प्रत्येक देशाच्या भूमीवरचे आकाश त्या देशाच्या मालकीचे असते आणि त्यातून जाण्यास परवानगी लागते. वर सांगितलेल्या मार्गावर दोन दारे सध्याच्या काळात निरनिराळ्या कंपन्यांसाठी बंद झाली.

पहिले दार रशियाचे. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये अमेरिकेने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले आणि तेव्हापासून अमेरिकी कंपन्यांची विमाने रशियावरून जात नाहीत. त्याचा फटका भारताच्या मार्गांना तत्काळ बसला. युनायटेड कंपनीने त्याच महिन्यात नेवार्क–मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली ही थेट उड्डाणे स्थगित केली.

दुसरे दार पाकिस्तानचे. पहलगाम येथील हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. भारतानेही काही दिवसांत तसेच केले, आणि मग ही बंदी दोन्ही बाजूंनी महिन्या-महिन्याने वाढवली गेली. याआधी २०१९ मध्येही बालाकोटनंतर पाकिस्तानचे आकाश फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होते. २०२५ च्या बंदीनंतर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगन येथे उतरावे लागले. १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली–वॉशिंग्टन ही सेवा बंद करताना कंपनीने विमानांच्या नूतनीकरणाबरोबर या बंदीचेही कारण दिले.

यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकी कंपनीला पाकिस्तान खुला, पण रशिया बंद. भारतीय कंपनीला रशिया खुला, पण पाकिस्तान बंद. मिनेसोटा ते मुंबई हा सरळ दोरा या दोन्ही देशांवरून जातो, म्हणजे ज्या दोन देशांच्या कंपन्या ही सेवा सुरू करण्याचा विचार करू शकतात, त्यांपैकी कोणालाही तो पूर्णपणे मोकळा नाही.

वळसा घ्यावा लागला की केवळ वेळ वाढत नाही. अधिक अंतरासाठी अधिक इंधन न्यावे लागते, ते इंधन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन जळते आणि विमानाच्या वजनाची मर्यादा गाठली की काही आसने किंवा माल कमी करावा लागतो. शिवाय ७८ अंशांच्या उत्तरेकडील ध्रुवीय प्रदेशातून जाताना अमेरिकी नियमांनुसार कंपनीला वेगळी तयारी दाखवावी लागते : आणीबाणीत उतरता येतील असे विमानतळ, तेथून प्रवाशांना सोडवून आणण्याची योजना, सौरवादळांच्या वेळचा पर्याय, आणि थंडीत इंधन गोठू नये यासाठी देखरेख. अमेरिकेत सामान्यतः वापरले जाणारे विमान-इंधन उणे ४० अंशांला गोठू लागते.

बाजाराचे कारण अधिक साधे आहे. थेट विमान भरायला दररोज अडीचशे-तीनशे प्रवासी लागतात. मिनेसोटात मराठी, तेलुगू, तमिळ, गुजराती कुटुंबे बरीच असली, तरी त्यांची गंतव्ये मुंबई, हैदराबाद, चेन्नई, अहमदाबाद अशी विखुरलेली आहेत. म्हणून कंपन्या प्रवाशांना एका मोठ्या केंद्रावर गोळा करतात आणि तेथून वाटून देतात. मिनीॲपोलिस हे पूर्वी नॉर्थवेस्टचे आणि २००८ च्या विलीनीकरणानंतर डेल्टाचे केंद्र राहिल्याने ॲमस्टरडॅमशी त्याचे नाते जुने आहे.

मधल्या थांब्याचा भूगोल

मधला थांबा म्हणजे मोठा वळसा, अशी समजूत असते. आकडे तसे सांगत नाहीत. मिनीॲपोलिस ते ॲमस्टरडॅम सुमारे ६,६८५ किलोमीटर आणि ॲमस्टरडॅम ते मुंबई सुमारे ६,८६० किलोमीटर. बेरीज साधारण १३,५५० किलोमीटर. सरळ मार्गापेक्षा हे अंतर केवळ ८०० किलोमीटरने, म्हणजे सहा टक्क्यांनी अधिक आहे. पॅरिस, लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे गेल्यासही चित्र फारसे बदलत नाही.

आखाती मार्गाने जायचे तर मिनीॲपोलिसहून प्रथम शिकागो गाठावे लागते. शिकागो–दोहा हे सुमारे ११,४५० किलोमीटरांचे एकच दीर्घ उड्डाण, आणि मग दोहा–मुंबई हा सुमारे २,३०० किलोमीटरांचा, सव्वातीन-साडेतीन तासांचा छोटा टप्पा. दुबई मुंबईच्या आणखी जवळ आहे. अंतर १,९३० किलोमीटर. शिकागोचे अंतर धरून दोहामार्गे एकूण प्रवास १४,३०० किलोमीटरांच्या आसपास जातो. या मार्गाचा लाभ असा, की आखाती शहरांतून मुंबईकडे दिवसातून अनेक विमाने सुटतात. एक चुकले तर पुढचे काही तासांत मिळते, युरोपात मात्र अनेकदा दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागते. तोटा असा, की त्या प्रदेशातील आकाश अचानक बंद होऊ शकते. जून २०२५ मध्ये इस्रायल–इराण संघर्षात इराण व इराकचे आकाश बंद झाले आणि २३ जूनच्या संध्याकाळी कतारनेही काही तासांसाठी आपली हद्द बंद केली. हजारो प्रवासी मधल्यामध्ये अडकले.

पॅसिफिककडून, सोलमार्गे जायचे म्हटले तर अंतर साडेपंधरा हजार किलोमीटरांच्या वर जाते. नकाशावर मुंबई आणि सोल दोन्ही आशियातच दिसतात, पण त्या दोन शहरांमध्येच ५,५०० किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. 'आशियात पोचलो म्हणजे घर जवळ आले' हा समज म्हणूनच फसवा ठरतो.

जाताना लवकर, येताना उशिरा

अंतर तेच असताना जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा का, याचे उत्तर वाऱ्यात आहे. मध्य अक्षांशांत, विमाने ज्या उंचीवरून उडतात त्याच सुमारास, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट प्रवाह वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरांच्याही वर जातो. पूर्वेकडे जाणारे विमान या प्रवाहाचा आधार घेते, पश्चिमेकडे परतणारे विमान त्याला टाळत किंवा त्याच्याशी झगडत येते. म्हणून मिनीॲपोलिसहून ॲमस्टरडॅमला साधारण आठ तास लागतात आणि परतताना पाऊण ते एक तास अधिक. मुंबई–युरोप टप्प्यातही हाच फरक दिसतो.

तिकिटावरील वेळ वाचतानाही गल्लत होते. त्यावर छापलेल्या वेळा स्थानिक असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत मिनेसोटा भारतापेक्षा साडेदहा तास मागे असते, उरलेल्या हिवाळ्यात साडेअकरा तास. शनिवारी दुपारी साडेतीनला निघालेला प्रवासी रविवारी रात्री साडेनऊला मुंबईत उतरला, तर घड्याळाप्रमाणे तीस तास उलटलेले दिसतात; उन्हाळ्यात प्रत्यक्ष प्रवास मात्र साडेएकोणीस तासांचाच झालेला असतो. आणखी एक बाब अशी, की छापलेली वेळ उड्डाणाची नसते, एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतची असते. गर्दीच्या विमानतळांसाठी कंपन्या तीत आधीच काही मिनिटे वाढवून ठेवतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रायः एकच वापरता येते आणि विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

दारापासून दारापर्यंत

आता खरा हिशेब मांडता येईल. ईडन प्रेरीतील घरातून पुण्यातील घरापर्यंतचा, ॲमस्टरडॅममार्गे प्रवास असा पडतो : घरातून निघून विमान सुटेपर्यंत साडेतीन तास, पहिले उड्डाण आठ तास, मधला थांबा तीन तास, दुसरे उड्डाण साडेआठ तास, मुंबईत पासपोर्ट तपासणी व सामान सव्वा तास, आणि सहारहून पुण्यापर्यंत वाट पाहण्यासह चार तास. बेरीज सव्वाअठ्ठावीस तास. त्यांतील हवेतले तास केवळ साडेसोळा. उरलेले जवळजवळ बारा तास जमिनीवर जातात.

थेट विमान उद्या सुरू झाले असे मानले, तरी हाच प्रवास पावणेचोवीस तासांचा होईल. म्हणजे ज्या थेट विमानाची एवढी अपेक्षा केली जाते, ते साडेचार तास वाचवील. ही बचत लहान नाही, परंतु ती सर्वांत मोठीही नाही.

सर्वांत मोठा तुकडा या बेरजेत आलेलाच नाही. तो म्हणजे निघण्यापूर्वीची वाट. उन्हाळ्यातील एका शनिवारी भारतात सकाळी सहाला घरून फोन आला, तर ईडन प्रेरीत शुक्रवारची संध्याकाळ, साडेसात वाजलेले असतात. मिनीॲपोलिसहून युरोपला जाणारी बहुतेक विमाने दुपारी आणि संध्याकाळी सुटतात, तेव्हा त्या दिवसाची संधी जवळजवळ हातची गेलेली असते. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनचे विमान धरले, तर घरातून निघायला बारा वाजतात. फोनपासून दार ओलांडेपर्यंतच साडेसोळा तास गेले. पुण्यातील दाराशी पोचेपर्यंत सोमवारची पहाट होते. फोन आल्यापासून सुमारे ४५ तास.

तोच फोन भारतात रात्री अकराला आला, तर येथे दुपारचे साडेबारा झालेले असतात. पासपोर्ट हाताशी असेल आणि आसन मिळाले, तर त्याच संध्याकाळचे विमान मिळू शकते आणि हाच प्रवास तीस-बत्तीस तासांत आटोपतो. अंतर तेच, मार्ग तोच, फरक केवळ फोनच्या वेळेचा.

जे हातात आहे ते

वारे आणि हवाई हद्दी प्रवाशाच्या हातात नाहीत. कागद, तिकिटाचा प्रकार आणि घरच्यांशी झालेले बोलणे मात्र हातात आहे.

कागदांपैकी सर्वाधिक दुर्लक्षित असतात ते मुलांचे. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला भारतात प्रवेशासाठी ओसीआय कार्ड किंवा व्हिसा हवा. यांपैकी काहीही नसेल, तर आईवडील दोघांनी एकत्र निघणे अशक्य होते. ई-व्हिसा काही दिवस घेतो. तातडीच्या व्हिसासाठी मिनेसोटातील रहिवाशांना शिकागोच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे जावे लागते. ओसीआय असले तरी सोबत चालू मुदतीचा पासपोर्ट लागतोच.

भारतीय पासपोर्टवर, नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांसमोर आणखी दोन प्रश्न असतात. पासपोर्टवरील अमेरिकी व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल, तर येथील वास्तव्य कायदेशीर असूनही काही युरोपीय देशांत केवळ विमान बदलण्यासाठीही संक्रमण-व्हिसा मागितला जाऊ शकतो. हे नियम देशागणिक निरनिराळे आहेत आणि बदलतही असतात. दुसरा प्रश्न परतीचा : नवा शिक्का मिळवण्यासाठी भारतातील अमेरिकी वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत थांबावे लागते. जाण्याचा निर्णय अनेकदा येथेच अडतो. विमान अठ्ठावीस तासांत पोचवते, परतीच्या अनिश्चिततेला असा आकडा नसतो. म्हणून शिक्क्याची मुदत सुट्टीच्या वेळीच तपासून ठेवावी.

तिकीट घेताना सर्व टप्पे एकाच आरक्षणात असणे महत्त्वाचे. स्वस्त पडते म्हणून शिकागोपर्यंतचे तिकीट वेगळे काढले आणि ते विमान उशिरा आले, तर पुढचे विमान चुकल्याची जबाबदारी कोणतीही कंपनी घेत नाही. एकाच आरक्षणात पुढच्या विमानात बसवून देण्याचे काम कंपनीचे असते. मधला थांबा फार छोटा घेण्यातही धोका आहे. ॲमस्टरडॅममध्ये पाऊण तास वाचवायला जाऊन विमान चुकले, तर कदाचित पूर्ण दिवस जातो. केवळ हाती धरण्याइतके सामान घेतल्यास दोन्ही टोकांना मिळून तासभर सहज वाचतो.

शेवटचा, रस्त्याचा टप्पा अनेकदा विसरला जातो. मुंबई–पुणे सुमारे १५० किलोमीटर, पण मध्यरात्री उतरून गाडी शोधण्यात आणि घाटात अडकण्यात दोन तास जाऊ शकतात. गाडी विमान सुटण्यापूर्वीच ठरवलेली असावी. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. सुरुवात देशांतर्गत सेवेने झाली. दूरची आंतरराष्ट्रीय विमाने तेथे उतरू लागतील, तेव्हा पुणे, सातारा, कोल्हापूरकडे जाणाऱ्यांना मुंबई शहर ओलांडण्याचा वेळ वाचेल.

आणि बोलणे. हिंदू कुटुंबांत अंत्यसंस्कार बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उरकले जातात. वरील हिशेबानुसार ईडन प्रेरीहून निघालेला मुलगा किंवा मुलगी तोवर पोचणे क्वचितच शक्य असते. पार्थिव शीतपेटीत किंवा रुग्णालयाच्या शवागारात ठेवून थांबायचे, की भावंडांपैकी कोणी विधी करायचे आणि दूरच्याने दहाव्या-तेराव्यापर्यंत पोचायचे, हा निर्णय प्रत्येक घराचा. तो दुःखाच्या पहिल्या तासात, अर्ध्या झोपेत, दोन खंडांमधल्या फोनवर घेतला गेला की पुढे अनेक वर्षे मनात सल राहतो. आईवडील धडधाकट असताना, एखाद्या उन्हाळी सुट्टीत, त्यांच्याच मताने तो ठरवून ठेवलेला बरा. बरेच आईवडील हा विषय मुलांपेक्षा शांतपणे बोलतात, असा अनेक घरांचा अनुभव आहे.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा परदेशी गेलेल्याने दोन दिवसांत घरी परतणे ही कल्पनाच नवी होती. आज दोन दिवस अपुरे वाटतात. हा काळ आणखी घटेल तो थेट विमानाने साडेचार तासांनी. चालू मुदतीच्या पासपोर्टने आणि आधी झालेल्या बोलण्याने मात्र कदाचित संपूर्ण दिवसाने.